आकडा सांगून गप्प बसणे

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पोचले. खोली सांगितली होती त्याहून लहान निघाली, पण खिडकी मोठी आहे आणि उत्तरेला आहे, म्हणजे दिवसभर सारखा उजेड. तू बजावलं होतंस तसं आधी खिडकी बघितली आणि मग भाडं विचारलं. खाली लाँड्री आहे. इस्त्रीची वाफ फळ्यांच्या फटींतून वर येते, त्यामुळे माझी खोली ऊबदार राहते. या उबेचे लाँड्रीवाल्या काकांना काही पैसे द्यायला हवेत का, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. हसू नकोस.

टेबल खिडकीला लावलं. सुयांची डबी, कात्री, बोटात घालायचं तुझं जुनं अंगुस्तान. दारावर पाटी लावली: ‘उत्तम रफू करून मिळेल.’ मग वाटलं, उत्तम आहे की नाही ते लोकांनी ठरवायचं. ‘उत्तम’ खोडलं. खोडलेलं फार दिसायला लागलं, म्हणून नवी पाटी केली. त्यात एक दिवस गेला.

काल पहिलं गिऱ्हाईक आलं. एक बाई, स्वेटरला कसर लागलेली, तीन भोकं. त्यांनी विचारलं, “किती?” मी म्हटलं, “दीडशे.” त्या स्वेटर उलटसुलट करत होत्या. मला वाटलं, जास्त झाले. म्हटलं, “पण भोकं लहान आहेत, सव्वाशे द्या.” त्या काही बोलेनात. मी म्हटलं, “आणि धागा तुमच्याच स्वेटरच्या आतल्या बाजूचा काढणार, माझा काही खर्च नाही, तर शंभर.” शेवटी त्या म्हणाल्या, “अहो, मी बटण शोधतेय. एक कुठेतरी पडलंय.” तोवर मी ऐंशीवर आले होते. बटण फुकट लावून दिलं.

बाबांची अट तुला ठाऊकच आहे, तूच तर मध्ये पडली होतीस. तीस नोव्हेंबरपर्यंत खोलीचं भाडं माझ्या हातच्या कामातून निघालं तर मी इथे राहायचं, नाही तर दादाच्या ऑफिसात जाऊन बसायचं. तिथली एक खुर्ची त्याने माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. तिला चाकं आहेत, हे त्याने मला दोनदा सांगितलं. या महिन्याचं भाडं मी साठवलेल्यातून भरलं, ते धरायचं नाही असं माझं मीच ठरवलंय.

तू त्या दिवशी बाबांना म्हणालीस, “चाळीस वर्षं मी या सुईवर माझा मान राखून आहे, ती का नाही राखणार?” तेव्हा कुठे बाबा या अटीवर आले. म्हणून विचारते. तू लोकांना किती सांगायचीस? आणि कसं? तू मला अक्षरं शिकवलीस, जोडाक्षरांसाठी कान पिळलास, रफू शिकवलंस, पण हे शिकवायचं राहिलं. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस.

तुझी,
मुंगी


९ सप्टेंबर

मुंगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा हसायला आणि एकदा शुद्धलेखन बघायला. ‘ऊबदार’ बरोबर लिहिलंस, कान पिळल्याचं सार्थक झालं.

आता नीट ऐक. वस्तू हातात आली की आधी खिडकीपाशी जायचं. उजेडात धरायची, उलटी करायची, बोट फिरवायचं, आणि ‘हं’ म्हणायचं. नुसतं ‘हं’. न बघता किंमत सांगणारा माणूस घाईत असतो, आणि घाईतल्या माणसावर कुणाचा विश्वास बसत नाही. ‘तुम्ही द्याल ते’ हे शब्द जन्मात तोंडातून काढायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही, की आकडा सांगितला की तोंड मिटायचं. त्यानंतर ‘पण’ नाही, ‘म्हणजे’ नाही, ‘तसं बघितलं तर’ नाही. हातातल्या वस्तूकडे बघत बसायचं. पुढचं वाक्य समोरच्याचं. ते वाक्य यायला कितीही वेळ लागो, तुला काय, तू आपली कापड बघतेयस.

माझ्या वेळचे आकडे विचारू नकोस. ते आता कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

वाफेचे पैसे द्यायला गेलीस तर मी तिथे येऊन तुझा कान पिळीन.

तुझा बाप बरा आहे. रोज विचारतो, “पत्र आलं का?” आलेलं असलं तरी मी संध्याकाळपर्यंत नाही म्हणते. तुला चाकांच्या खुर्चीवर धाडायला निघाला, त्याची ही शिक्षा.

आत्या


२१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

‘हं’ जमलं. अगदी तुझ्यासारखं जमलं, मलाच दचकायला झालं. तोंड मिटणं मात्र फार कठीण आहे. परवा एकाला आकडा सांगितला आणि ओठ दाताखाली धरले. मनात मोजत होते. सातपर्यंत गेले, आठव्याला राहवेना, म्हणून उठून खिडकी उघडली. तू बोलायचं नाही म्हणालीस, खिडकी उघडायची नाही असं म्हणाली नव्हतीस. तो माणूस म्हणाला, “ठीक आहे.” आत्या, तो ठीक आहे म्हणाला!

पण पुढचं ऐकून तू रागावशील. मला वाटलं होतं, त्या पँटला तीन तास लागतील, त्या हिशेबाने आकडा सांगितला होता. काम दोन तासांत झालं. मग तो घ्यायला आला तेव्हा मी तिसरा भाग परत केला. तो घेईना. त्याला वाटलं, काहीतरी बिघडवलंय आणि आता सारवासारव करतेय. त्याने पँट तिथेच उलटीसुलटी करून दोनदा तपासली. शेवटी घेतले पैसे, पण जाताना माझ्याकडे जरा संशयानेच बघून गेला.

चुकलं का माझं? खरं सांग. तू कधी परत केलेस?

मुंगी


२६ सप्टेंबर

मुंगे,

चुकलं. डोंगराएवढं चुकलं. दोन तासांत झालं म्हणतेस. आणि माझ्या मांडीला मांडी लावून उसवत बसलेले तुझे सगळे रविवार कुठे गेले? सरावाच्या त्या रुमालावर तू एकदा रडलीस, एकदा मी रडले, तेव्हा कुठे तुझा हात दोन तासांवर आला. ते रविवार तू त्या पँटवाल्याला फुकट देऊन टाकलेस, आणि वर त्याच्या मनात शंका घातलीस.

मला विचारतेस, तर माझं सांगते. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाकडून घेतलेला एक पैसाही कधी परत केलेला नाही. हे तू बाबाला शपथेवर सांगू शकतेस.

खिडकीची युक्ती चालेल. थंडी पडली की दुसरं काहीतरी शोध.

आत्या


१६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

उशीर झाला लिहायला, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते सांगवत नव्हतं.

इथे एक बँडमास्तर आहेत. लग्नात, मिरवणुकीत वाजवणारा बँड आहे त्यांचा. मिशा अशा की आधी मिशा येतात आणि मग ते. त्यांच्या लाल कोटाच्या छातीवर सिगारेटचं भोक पडलं होतं, बरोब्बर मधोमध. मी दोनशे सांगितले, गप्प बसले, ते हो म्हणाले. मग चार दिवस त्या भोकावर घालवले. उभा धागा, आडवा धागा, एकेक करून. आत्या, असं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. झाल्यावर मलाही ती जागा बोटाने चाचपून शोधावी लागली.

ते आले. कोट उजेडात धरला. म्हणाले, “कुठंय?”

मी म्हटलं, “काय?”

“भोक.”

“बुजवलं.”

“ते दिसतंय. पण होतं कुठे? बारीकसंच होतं म्हणजे. मला उगाच मोठं वाटलं होतं.” आणि मग म्हणाले, “एवढ्याशाला दोनशे?” मी काही बोलले नाही, पण ते तुझ्या नियमामुळे नाही. तोंड उघडलं असतं तर रडले असते. त्यांनी शंभर टेबलावर ठेवले आणि गेले. मी वाईट रफू केलं असतं तर मला पूर्ण पैसे मिळाले असते. यात काहीतरी फार उलटं आहे.

दोन दिवस मी त्याच्यावर विचार केला. आता असं करते. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात शिंप्याचा खडू देते आणि म्हणते, “भोकाभोवती तुम्हीच गोल काढा.” लोक हसतात, पण काढतात. मी रफू करते ते गोल न पुसता. न्यायला येतात तेव्हा त्यांना त्यांच्याच हातचा गोल दिसतो आणि आत काहीच नसतं. परवा एक आजोबा त्या रिकाम्या गोलाकडे कितीतरी वेळ बघत बसले. मग पैसे दिले आणि गोल पुसू नका म्हणाले, घरी दाखवायचाय.

लाँड्रीवाले काकाही आता त्यांच्याकडची फाटकी कामं वर पाठवतात. त्यांना आकडा सांगितला तेव्हा खालची इस्त्री तीनदा फुसफुसली, मी हलले नाही. ऑक्टोबरचं भाडं निघालं. काठावर, पण निघालं. आता नोव्हेंबर.

मुंगी


२३ ऑक्टोबर

मुंगे,

तुझ्या खडूच्या गोलाने मी दिवसभर खूश आहे. हे मला कधी सुचलं नाही. बापाला वाचून दाखवलं. तो “हं” म्हणाला, आमच्या घराण्यातलं ‘हं’ आहे ते, पण मग चष्मा पुसत बसला.

जरा विचारायचं होतं. खडू कोणत्या रंगाचा? लोकरीवरून जातो का झटकून, की ब्रश लागतो? आणि समजा गिऱ्हाईक ओळखीचं असलं, रोजच्या येण्याजाण्यातलं, अगदी वाटीभर साखर मागायला येणारं, तर त्याला गोल काढ म्हणताना हसून म्हणायचं की गंभीरपणे? सहज विचारते. तुझी तयारी किती झालीय ते बघते.

त्या बँडमास्तराच्या मिशा जळोत.

आत्या


८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझी परीक्षा मी मनापासून दिली असती, पण आज दुसरंच लिहिते आहे.

मंगळवारी एक बाई आल्या. मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. करड्या रंगाचा लांब कोट, पाठीवर मोठी फाट, खिळ्याला अडकून झालेली. हे एक काम झालं की नोव्हेंबरचं भाडं पुरं होतं, मी मनातल्या मनात तेवढं मोजून घेतलं. मग कोट उलटा केला आणि खांद्यापाशी मला एक जुनं रफू दिसलं. वरून काही नाही. आतून धागे डावीकडे कललेले, शेवटचं टोक दोनदा मागे वळवलेलं. आत्या, मी तुझा डावा हात कुठेही ओळखीन.

मी विचारलं, हे कुणी केलं? त्या म्हणाल्या, पूर्वी त्या आपल्याच गल्लीत राहायच्या, तेव्हा तिथल्या एका बाईंनी करून दिलं. मी तुझी भाची म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. मी मोठ्या अभिमानाने विचारलं, “तेव्हा आत्याने किती घेतले होते?”

त्या म्हणाल्या, “घेतले? तुमच्या आत्यांनी? अहो, त्यांनी गल्लीत कधी कुणाकडून घेतले? मी देऊ केले तर त्यांनी चहा पाजला आणि वर घरच्या लिंबांची पिशवी दिली.”

मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. ‘घेतलेला एक पैसाही कधी परत केलेला नाही.’ आता कळलं. तू मला खोटं सांगितलं नाहीस, पण मला खोटं वाटू दिलंस. मी तुझ्या प्रत्येक नियमावर पाय ठेवून उभी होते, आणि खाली काही नव्हतंच.

मी त्या बाईंना आकडा सांगितलाच नाही. तोंडातून निघेना. त्याच खांद्यावरचं तू फुकट केलंस, मग पाठीवरच्याचे मी कोणत्या तोंडाने मागू? “नंतर बघू,” म्हटलं. कोट टेबलावर पडून आहे. दादाचं पत्र आलंय, सोबत ऑफिसचा अर्ज आहे. मी तो भरलाय. पाठवला नाही अजून.

एकदा तरी कधी मागितलेस का ग?

मुंगी


१३ नोव्हेंबर

मुंगे,

नाही. एकदाही नाही.

सुरुवातीला कुणी विचारलंच नाही. मग एकाने विचारलं, तेव्हा तुझे आजोबा आतून म्हणाले, “आमच्याकडे बायका पैशासाठी शिवत नाहीत.” त्यांचं वाक्य पुढे माझंच झालं. ते गेल्यावरही मी तेच म्हणत राहिले. लोक म्हणायचे, हिच्या हातात जादू आहे. जादूचे पैसे कोण देतं? मान मात्र राखला, ते मी खरं बोलले होते. बाबाने त्याचा अर्थ काय घेतला ते मला दिसलं होतं आणि मी तो तसाच राहू दिला. तुला जाऊ द्यावं म्हणून. तुला लिहिलेली वाक्यं मी फार जपून लिहिली, एकही खोटं नको म्हणून. हे खोटं बोलण्याहून वाईट आहे, मला कळतं. मला माफ कर.

पण नियमांखाली काही नव्हतं म्हणतेस, ते चूक आहे. मी पैसे घेतले नाहीत, पण जन्मभर देत तर आलेय. दातांचा डॉक्टर, नळ दुरुस्त करणारा, कात्रीला धार लावणारा. तो धारवाला तुला आठवत असेल. आकडा सांगायचा आणि चाकाकडे बघत राहायचा. मी दर वेळी वाट बघायची, आता हा काहीतरी बोलेल, कमी करेल. कधीच नाही. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. घरी येऊन मी भिंतीसमोर म्हणून बघायची, “दोनशे.” भिंत कधी नाही म्हणाली नाही. हे सगळे नियम त्या माणसांचे आहेत, आणि त्यांची घरं त्यावर चालली.

तुझ्या खडूबद्दल मी तुझी परीक्षा घेत नव्हते. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी शाल घेऊन आल्या. मी त्यांच्याकडून गोल काढून घेतला. रफू केलं. आकडा तयार होता, दाताला लागत होता. त्यांनी रिकामा गोल बघितला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, “किती द्यायचे?”

मी म्हटलं, “बसा, चहा टाकते.”

त्रेसष्टाव्या वर्षी माझं हे असं झालंय. तू चोविसाची आहेस आणि सातपर्यंत मोजून गप्प बसतेस. माझ्या लाजेपायी त्या खुर्चीवर जाऊन बसू नकोस. मी खांद्यावरचं फुकट केलं ते माझं. पाठीवरचं तुझं आहे. बाबाला मी आज जेवताना सगळं खरं सांगितलं. त्याने आधी ताट पुरं संपवलं. मग म्हणाला, “तीस तारखेपर्यंत म्हटलंय ना मी. मग तीसपर्यंत.”

आत्या


३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी खूप रडले, मग तू भिंतीला “दोनशे” म्हणतेयस असं डोळ्यांपुढे आलं आणि हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम. राग गेला. राहिला असेल तर इतकुसाच, खडूने गोल काढला तरी आत दिसणार नाही एवढा.

मुख्याध्यापिका बाईंना निरोप पाठवला. त्या आल्यावर कोट खिडकीपाशी नेला, ‘हं’ म्हटलं आणि सांगितलं, “चारशे.” खिडकी उघडली नाही. थंडी आहे. नुसती बसले. बाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही आकडा सांगितलात.” मग त्यांनी जे सांगितलं ते तुला कळायला हवं. तेव्हा तू पैसे घेतले नाहीस, तर त्यांना वाटलं, आपण फारच कमी देऊ केले, म्हणून तू दुखावलीस. त्या शरमेने त्या पुन्हा तुझ्याकडे आल्याच नाहीत. अस्तर फाटलं, बाही विरली, तसाच घातला कोट. “मला त्यांच्याकडे यायचं होतं हो,” म्हणाल्या.

भाडं आज सकाळी दिलं. सगळं हातच्या कामातलं. दादाला अर्ज परत पाठवला, कोरा नाही, भरलेला, त्यावर आडवी रेघ मारून. सोबत लिहिलं की त्याच्या पँटचा खिसा मी नेहमीच शिवून देईन, आणि किंमत आल्यावर सांगेन.

आता कामाचं. काल बँडमास्तर आले. मला वाटलं भांडायला. पण गेला दीड महिना ते त्या कोटावर भोक शोधत होते म्हणे, बायकोकडून, क्लॅरिनेटवाल्याकडून, भिंगातून. कुणाला सापडलं नाही. राहिलेले शंभर त्यांनी टेबलावर ठेवले आणि बँडचे अकरा कोट आणले. मी खडू दिला, तर प्रत्येकावर त्यांनी स्वतः गोल काढले, काही जरा जास्तच मोठे. पंधरा दिवसांत हवेत. माझे हात दोन आहेत.

म्हणून या पार्सलमध्ये चार कोट आहेत. हे काम आहे, भेट नाही. मी माझ्या कोटांचे किती सांगितले ते तुला सांगणार नाही, सांगितलं तर तू मुद्दाम त्याहून कमी सांगशील. बँडमास्तर म्हणालेत, दुसऱ्या कारागिराचा आकडा वेगळा असला तरी चालेल. तो दुसरा कारागीर तू. आकडा कळवल्याशिवाय सुई लावायची नाही. चहा आणि लिंबं चालणार नाहीत. मी गप्प बसून वाट बघतेय.

तुझीच,
मुंगी


५ डिसेंबर

मुंगे,

चारही कोट उजेडात धरून बघितले. हं.

कोटामागे तीनशे.

आत्या